‘परत तसंच झालंय’: पिसवांच्या गोळीनंतर आलेल्या आकडीचं एक प्रकरण

मी पशुवैद्य आहे आणि हे प्रकरण माझ्याच टेबलावरचं आहे. गोळी मी दिली, प्रश्न मी विचारले, आणि जो विचारायला हवा होता तो राहिला तोही माझ्याकडूनच. कुत्र्याचं नाव, घरातली माणसं, ओळख पटेल असं सगळं बदललंय. औषधाचं ब्रँडनेम मुद्दाम देत नाहीये कारण मुद्दा एका ब्रँडचा नाही, अख्ख्या गटाचा आहे. डोसही लिहिलेले नाहीत, हे वाचून कोणी घरी प्रयोग करू नये म्हणून.

पार्श्वभूमी

खंड्या म्हणू त्याला. पाच वर्षांचा, मिश्र जातीचा, 14 किलोचा, लसी वेळेवर, जेवण चोख. घरात काकू आणि त्यांचा मुलगा. खंड्याला क्लिनिकला आणायचं काम मुलाचं, पण खंड्या झोपतो काकूंच्या खोलीत, त्यांच्या पलंगाशेजारी. हे तेव्हा मला माहीत नव्हतं आणि माहीत असतं तर हे सगळं वेगळं झालं असतं असं मला आजही वाटतं.

पिसवा झाल्या म्हणून मुलाने आधी स्वतःच मानेवर टाकायचे थेंब, म्हणजे स्पॉट-ऑन आणून टाकलं, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक होतं. वजनाचा गट बघून बरोबर आणलेलं, मागे दोन खांद्यांच्या मधे टाकलेलं, त्यात काही चूक नव्हती. तासाभरात खंड्या मान जमिनीला घासायला लागला, एका जागी बसेना, मधेच दचकून मागे वळून बघायचा. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी (परमेथ्रिन त्यातलंच) हे होऊ शकतं, त्वचेतल्या नसा चाळवतात आणि तिथे मुंग्या आल्यासारखं, चुरचुरल्यासारखं होतं. विषबाधा वेगळी आणि हे वेगळं, हे बहुतेक वेळा दिवसाभरात आपोआप शांत होतं. पण बघणाऱ्याला ते कळणार कसं, मुलगा घाबरला आणि त्याने भांडी घासायच्या साबणाने, कोमट पाण्याने मान धुवून काढली. हे त्याने अगदी बरोबर केलं, तेलकट औषध नुसत्या पाण्याने निघत नाही आणि कडक गरम पाणी वापरलं असतं तर त्वचेतून आणखी आत गेलं असतं.

फक्त धुण्याबरोबर बरंचसं औषधही गेलं. सहा दिवसांनी पिसवा जशाच्या तशा, आणि मुलगा खंड्याला घेऊन माझ्याकडे.

(थेंबात परमेथ्रिन होतं म्हटल्यावर मी पहिला प्रश्न विचारला तो घरात मांजर आहे का. नव्हती. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन मांजरीला मारू शकतं, तिच्या यकृताला ते पचवताच येत नाही, आणि औषध लावलेल्या ओल्या कुत्र्याला चिकटून झोपली तरी तिला झटके येऊ शकतात. हा प्रश्न मी कधीच विसरत नाही. म्हणजे प्रश्न विचारायची सवय मला होती, हे लक्षात ठेवा.)

अडचण काय होती

शेपटीच्या मुळाशी केस विरळ, कातडी लाल, एका ठिकाणी चावून चावून ओली जखम. कंगव्यातून निघालेले काळे दाणे ओल्या कापसावर ठेवले तर लालसर तपकिरी डाग पसरला, म्हणजे पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्त. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असलेला कुत्रा, अशा कुत्र्याला चार-दोन पिसवाही पुरतात.

मुलगा म्हणाला, "डॉक्टर, ते औषध फुकट गेलं, आता काहीतरी जालीम द्या."

इथे मी त्याला जे समजावलं ते अर्धंच समजावलं. औषध फुकट गेलं असं आपल्याला वाटतं तेव्हा बहुतेक वेळा पिसवांचा हिशोब आपल्याला माहीत नसतो. अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा एकूण पसाऱ्याच्या साधारण 5 टक्के, बाकीचा 95 टक्के माल अंडी, अळ्या आणि कोश अशा रूपात अंथरुणात, गालिच्यात, फटींमधे, पलंगाखाली पडलेला असतो. एक मादी रोज 40-50 अंडी घालू शकते, ती अंगावर चिकटत नाहीत, कुत्रा जिथे झोपतो तिथे गळतात. आणि कोशातली पिसू महिनोन् महिने आत थांबू शकते, पावलांचा हादरा, ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड लागला की बाहेर उडी. त्यामुळे आज कुत्र्यावरची शेवटची पिसू मेली तरी उद्या नवीन चढतातच, औषध कितीही चांगलं असो. हे दोन वाक्यांत सांगून मी औषधाकडे वळले. घराचं काय करायचं ते "नंतर कागदावर लिहून देते" म्हटलं.

पर्याय, पहिल्या दिवसाचे

माझ्यासमोर तीन गोष्टी होत्या. एक, आठवडाभर काहीच नवीन न देता फक्त कंगवा, जखमेवर उपचार आणि घराची सफाई. हे सगळ्यात सुरक्षित, पण खंड्या स्वतःला रात्रंदिवस चावत होता आणि मुलाचा धीर संपलेला. दोन, वेगळ्या घटकाचं स्पॉट-ऑन. पण मानेची कातडी आधीच वैतागलेली, पुन्हा तिथेच काहीतरी ओतायचं माझ्या जिवावर आलं. तीन, चघळायची महिन्याची गोळी, आयसॉक्सॅझोलिन गटातली.

या गटात कुत्र्यांसाठी मुख्य चार औषधं येतात, अफॉक्सोलानर, फ्लुरालानर, सारोलानर आणि लोटिलानर. नावाच्या शेवटी "लानर" आहे का बघा, तीच खूण. कीटकाच्या मज्जासंस्थेत क्लोराइडच्या वाहिन्या असतात, त्या नसांना ब्रेक लावायचं काम करतात, आणि ही औषधं त्या वाहिन्याच बंद करतात. ब्रेक गेला की नसा अनावर पेटतात, पिसू तडफडून मरते. सस्तन प्राण्यांच्या वाहिन्यांवर परिणाम फार कमी होतो म्हणूनच ही औषधं कुत्र्यांना देता येतात आणि बहुसंख्य कुत्र्यांना काहीही होत नाही, मी स्वतः कितीतरी कुत्र्यांना दिली आहेत आणि पुढेही देणार आहे. पण फार कमी म्हणजे शून्य नव्हे. 2018 च्या सप्टेंबरमधे अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, या पूर्ण गटाबद्दल सूचना काढली, की काही प्राण्यांत स्नायूंची थरथर, तोल जाणं आणि आकडी येणं दिसलंय, ज्यांना आधी कधीच आकडी आलेली नव्हती अशांतसुद्धा. लेबलवर तो इशारा असतो, आकडीचा इतिहास असलेल्या कुत्र्यात जपून वापरा म्हणून.

मला हे पाठ होतं. म्हणूनच विचारलं, "काही जुना आजार? फिट वगैरे येते का?"

"नाही नाही, एकदम ठणठणीत आहे."

मी केसपेपरवर लिहिलं, आकडीचा इतिहास नाही. गोळी तिथेच दिली, संध्याकाळचे साडेपाच-सहा वाजले असतील. पूर्ण संवाद वीस सेकंदांचा.

त्या रात्री

रात्री दहाच्या सुमारास मुलाचा मेसेज आला, जेवला नाही, एकदा उलटी झाली, लाळ गळतेय. उलटी हा या गोळ्यांचा नेहमीचा त्रास आहे, त्यामुळे मी लिहिलं की पाणी ठेवा, परत उलटी झाली तर कळवा, नाहीतर सकाळी बघू. आज तो मेसेज परत वाचते तेव्हा त्यात एक प्रश्न नाहीये हे खुपतं: चालताना तोल जातोय का? कारण नंतर कळलं की अकराच्या सुमाराला खंड्या दारातून बाहेर येताना चौकटीवर आपटला होता, मागचे पाय लडबडत होते, आणि घरच्यांना वाटलं झोपेत आहे.

पहाटे 4:40 ला फोन, काकूंचा.

"डॉक्टर, खंड्याला परत तसंच झालंय."

मी अर्धवट झोपेत होते पण तो एक शब्द ऐकून उठून बसले. "काकू, परत म्हणजे? आधी कधी झालं होतं?"

"होतं की त्याला मधूनमधून. पहाटेच होतं. स्वप्न पडतं ना त्याला, दचकतो, पाय ताठ करतो, दात वाजवतो. मग उठतो आणि आंधळ्यासारखा भिंतींवर आपटत फिरतो जरा वेळ. या खेपेला जास्त वेळ चाललं आणि लघवी पण झाली."

गेल्या दीड वर्षात तीनदा. मुलाला माहीतच नव्हतं, तो दुसऱ्या खोलीत झोपतो. आणि काकूंना ते आजार म्हणून कधी सांगावंसंच वाटलं नव्हतं, त्यांच्या लेखी ते स्वप्न होतं. मी मुलाला "फिट येते का" विचारलं आणि त्याने खरं तेच उत्तर दिलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

स्वप्न आणि आकडी यातला फरक इथेच सांगते, कारण हा गैरसमज फार घरांत असतो. झोपेत स्वप्न पाहणाऱ्या कुत्र्याचे पंजे हलके हलके, अनियमित हलतात, ओठ फुरफुरतात, बारीक भुंकतो, आणि हाक मारली की जागा होऊन नेहमीसारखा तुमच्याकडे बघतो. आकडीत अंग आधी ताठ होतं, मग पाय लयीत झटके मारतात, जबडा वाजतो, हाकेला प्रतिसाद शून्य, लघवी किंवा शी होऊ शकते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संपल्यावर लगेच पूर्वपदावर येत नाही, काही मिनिटं ते काही तास गोंधळलेला, कधी तात्पुरता आंधळा, कधी भुकेने वखवखलेला. भिंतींवर आपटत फिरणं ही ती खूण होती, दीड वर्ष समोर होती.

पर्याय, पहाटेचे

फोनवरच निर्णय घ्यायचे होते. मुलगा मागून ओरडत होता, आंघोळ घालू का, मागच्या वेळी धुतल्यावर बरं वाटलं होतं. त्याचा तर्क चुकीचा नव्हता, पण मागच्या वेळी औषध कातडीवर होतं आणि आता पोटातून रक्तात गेलेलं. थेंब टाकून काही तास झालेले असते तर मीच धुवा म्हटलं असतं. आता त्यात वेळ गेला असता आणि कुत्रा ओला, गारठलेला, घसरड्या जागी पुन्हा आकडीत गेला असता.

उलटी करवायची का? नाही. गोळी घेऊन अकरा तास होत आलेले, आणि अर्धवट शुद्धीतल्या कुत्र्याला उलटी करवली तर ती फुफ्फुसात जायचा धोका. ॲक्टिव्हेटेड चारकोल, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणारी कोळशाची पूड, पाजायचा विचारही त्याच कारणाने सोडला.

घरीच बघत बसायचं? एकच आकडी, दोन मिनिटांच्या आत संपलेली, कुत्रा शुद्धीवर येतोय, असं असेल तर कधी कधी मी अंधार, शांतता आणि सकाळची अपॉइंटमेंट एवढंच सांगते. आकडी 5 मिनिटांच्या वर गेली किंवा 24 तासांत दुसरी आली तर मात्र थांबायचं नाही, ती इमर्जन्सी. इथे एकच झाली होती, पण औषध अंगात ताजं होतं आणि ते उतरायला कित्येक दिवस लागणार होते, म्हणून मी म्हटलं लगेच निघा. गाडीत एकाने फक्त त्याच्याकडे बघायचं, डोकं कशावर आपटणार नाही एवढं सांभाळायचं, तोंडात हात अजिबात घालायचा नाही, जीभ गिळली जात नसते, बोटं मात्र तुटतात. आणि परत आली तर आधी घड्याळ बघायचं, जमलं तर व्हिडिओ.

काय केलं

साडेपाचला पोचले. तापमान 40.2 सेल्सियस, कुत्र्याचं नॉर्मल साधारण 38.3 ते 39.2, म्हणजे झटक्यांनी अंग तापलेलं. मागचे पाय लुळे पडत होते, खांद्याचे स्नायू बारीक थरथरत होते. शिरेत सुई लावेपर्यंत दुसरी आकडी आली, टेबलावरच, काकूंच्या समोर. आकडी तोडणारं डायझेपाम शिरेतून दिल्यावर पाऊण मिनिटात सुटली.

मग क्रमाने. साखर बघितली, नॉर्मल. कॅल्शियम, यकृत, मूत्रपिंड, सगळं नॉर्मल. हे आधी बघायचंच असतं, नाहीतर गोळीच्या मागे लागून साखर उतरलेला किंवा यकृत बिघडलेला कुत्रा हातचा जातो. परमेथ्रिनचा संशयही तपासला, पण त्याची विषबाधा काही तासांत, फार तर दोन-तीन दिवसांत दिसते, इथे सात दिवस होत आले होते आणि धुतलेलंही होतं. माझ्या मते तो धागा तिथे संपला. या गोळीला उतारा म्हणून वेगळं औषध नाही, आकडी थांबवायची, अंग थंड करायचं पण फार नाही, सलाइन, आणि वाट बघायची. शिरेतून लिपिड इमल्शन, म्हणजे असं औषध स्वतःकडे ओढून घेणारं चरबीचं द्रावण, देण्याचा विचार मनात होता, तिसरी आकडी आली असती तर दिलं असतं, ती आली नाही.

डायझेपामचा असर लवकर उतरतो म्हणून लेव्हेटिरासेटाम हे आकडी रोखणारं औषध सुरू केलं, ते यकृतावर फारसा भार टाकत नाही आणि लगेच काम करतं. खंड्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठेवलं.

घरी सोडताना एक गोष्ट काकूंना दोनदा सांगितली. गोळी महिनाभर काम करते म्हणजे ती महिनाभर अंगात असते. आज बरा दिसतोय म्हणून आकडीचं औषध मधेच बंद करायचं नाही. अंगावर टाकलेलं औषध धुता येतं, पट्टा काढून फेकता येतो, पण गिळलेली लांब पल्ल्याची गोळी परत घेता येत नाही. ही गोष्ट गोळी देतानाच सांगायची असते खरं तर, मी ती नंतर सांगितली.

कंपनीच्या सेफ्टी विभागाला आणि औषध नियामकाला रिपोर्ट पाठवला. त्यात कारणाच्या रकान्यात मी "संभाव्य" लिहिलं, "निश्चित" नाही. आधीच्या आकड्याही पहाटेच यायच्या, त्यामुळे ही त्याच रात्री आपोआप येणारच होती असं कोणी म्हटलं तर मला ते खोडता येणार नाही. पण उलटी, मग तोल जाणं, मग थरथर, आणि एका रात्रीत दोन आकड्या जेव्हा आधी दर वेळी एकच असायची, हा क्रम गोळीकडे बोट दाखवतो. रिपोर्ट पाठवायचा तो खात्री झाल्यावर नाही, शंका आली की पाठवायचा, 2018 ची सूचना अशाच एकेक रिपोर्टांमधून उभी राहिलेली आहे.

आणि पिसवा? त्या अजून होत्याच. या वेळी आम्ही घरापासून सुरुवात केली. काकूंच्या खोलीतलं सगळं अंथरूण 60 अंश पाण्यात, पलंगाखाली आणि फटींमधे रोज व्हॅक्यूम, त्यातली पिशवी लगेच घराबाहेर, जमिनीवर अळ्यांची वाढ रोखणारा पायरिप्रॉक्सिफेनचा स्प्रे, तोही खंड्याला पूर्ण सुकेपर्यंत दुसरीकडे ठेवून. खंड्याला रोज कंगवा. तीन आठवडे अंगावर काहीही नवीन औषध नाही. त्यानंतर कातडी भरल्यावर इमिडाक्लोप्रिडचं स्पॉट-ऑन, वेगळा गट, आणि पहिल्यांदा टाकलं ते सकाळी, क्लिनिकमधे, दिवसभर डोळ्यासमोर ठेवून. व्हॅक्यूमने कोश हलतात त्यामुळे पहिले दहा-बारा दिवस पिसवा वाढल्यासारख्या वाटल्या, मुलाचे दोन फोन आले, पण या वेळी त्याला कारण माहीत होतं.

निकाल

थरथर तीन दिवसांत गेली, तोल आठवड्यात पूर्ण सावरला. अडीच महिन्यांत पिसवा संपल्या, शेपटीवर केस आले. गोळीचा काळ उलटून गेल्यावर लेव्हेटिरासेटाम हळूहळू बंद केलं.

पाचव्या महिन्यात, अंगात कुठलंच पिसवांचं औषध ताजं नसताना, पहाटे आकडी आली. सहा आठवड्यांनी अजून एक. या वेळी काकूंनी व्हिडिओ काढला होता. एपिलेप्सी, म्हणजे पुन्हा पुन्हा आकडी येण्याचा आजार, जी कुत्र्यांत बहुधा सहा महिने ते सहा वर्षं या वयात डोकं वर काढते. म्हणजे गोळीने हा आजार दिलेला नाही, तो होताच. माझ्या समजुतीप्रमाणे गोळीने त्याचा उंबरठा त्या रात्री खाली आणला. आकडीचं नियमित औषध म्हणून फेनोबार्बिटोन सुरू केलं, त्यानंतर आजपर्यंत एकच छोटी आकडी.

वेगळं काय करता आलं असतं

थेंब धुतल्यावर पिसवा दिसतात याचा अर्थ औषध हरलं असा नव्हता, आणि ॲलर्जीच्या कुत्र्याला आराम द्यायला खाजेचं औषध देऊन आठवडाभर थांबता आलं असतं. पण न थांबण्यापेक्षा मोठी चूक प्रश्नाची आहे. "फिट येते का" हा प्रश्न निदान विचारतो, आणि निदान घरच्यांना माहीत असेल असं मी गृहीत धरलं. आता मी घरच्यांनी डोळ्यांनी बघितलेल्या गोष्टी विचारते. झोपेत कधी अंग ताठ झालंय का? हाक मारून उठला नाही असं? उठल्यावर धडपडत, आपटत फिरलाय? अंथरुणात लघवी? उगाच हवेत माशा पकडल्यासारखं तोंड मारतो का? कोणी फिट म्हणतं, कोणी आकडी, कोणी फेफरं, आणि पुष्कळ जण यातलं काहीच न म्हणता "दचकतो" म्हणतात.

आणि दुसरं, रात्री कुत्रा कोणाजवळ झोपतो? आणणाऱ्याला ते माहीत नसेल तर मी गोळी देण्याआधी घरी फोन लावायला सांगते. दोन मिनिटं लागतात. खंड्याच्या वेळी ते दोन मिनिटांचं बोलणं काकूंशी झालं असतं तर मी इमिडाक्लोप्रिडपर्यंत एक महिना आधीच पोचले असते.

गोळी सकाळी द्यायला हवी होती हेही तितकंच खरं. रक्तातलं प्रमाण काही तासांतच वर जातं, ते तास घरच्यांच्या झोपेत का घालवायचे? पहिली गोळी आता मी संध्याकाळी देत नाही. आणि रात्रीच्या मेसेजला उत्तर देताना उलटीच्या पुढे तोल, थरथर आणि डोळे विचारते.

खंड्याच्या केसपेपरवर पहिल्या पानावर लाल अक्षरात "लानर नको" आहे, तेच काकूंच्या फोनमधेही आहे. हे मुद्दाम केलं, कारण मागच्या महिन्यात मुलाने दुसऱ्या ब्रँडची गोळी आणली होती, पाकिटाचा रंग वेगळा, कंपनी वेगळी, त्याला वाटलं औषध वेगळं. काकूंनी चष्मा लावून बारीक अक्षरातलं नाव वाचलं, शेवटी तेच "लानर", आणि मला फोटो पाठवून मगच पाकीट परत केलं. फेनोबार्बिटोनची रक्तातली पातळी आणि यकृताची तपासणी आता सहा महिन्यांनी.